मूल दत्तक घेण्यासाठी पैसे जमवले, तर बिघडलं कुठे?

गेल्या महिन्यात आमच्या वसईतल्या धर्मग्रामात रविवारची मिस्सा संपल्यावर एक जोडपं फादरना भेटायला मागे थांबलं. तो भाईंदरला कारखान्यात कामाला, ती घरी शिवणकाम करते. लग्नाला अकरा वर्षं झाली. मूल व्हावं म्हणून केलेल्या उपचारांत होतं नव्हतं ते गेलं, वर पतपेढीचं कर्ज झालं. आता त्यांनी दत्तकासाठी नाव नोंदवलंय. दोन वर्षं भिशी लावून काही पैसे उभे केलेत. उरलेल्यासाठी मदतनिधीतून थोडा हातभार मिळेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पुढच्या रविवारपर्यंत ही गोष्ट वाडीवाडीत पोचली आणि वाद पेटला. एक बाजू म्हणते, 'वर्गणी काढून मूल आणायचं म्हणजे विकतच घ्यायचं की! ऐपत नाही तर कशाला हवा हा खटाटोप?' दुसरी बाजू म्हणते, 'अनाथ जिवाला घर मिळतंय, एक आत्मा वाचतोय, याच्यासारखं पुण्य नाही. द्या पैसे आणि गप्प बसा.'

मी दोन्ही बाजू ऐकल्या आणि दोन्हींनी मला अस्वस्थ केलं. पहिलीची नजर फक्त पैशावर आहे, दुसरीची फक्त स्वतःच्या पुण्यावर. ज्या मुलाबद्दल हे चाललंय ते दोघांच्याही बोलण्यात कुठे दिसत नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. मूल दत्तक घेण्यासाठी पैसे साठवणं, उसने घेणं, आपल्या माणसांपुढे हात पसरणं यात लाजिरवाणं काहीही नाही. मदतनिधीतून त्या जोडप्याला पैसे द्यायलाच हवेत. पण पैसा कुणाच्या हातात जातो, कशासाठी जातो आणि देणाऱ्याला त्या मुलावर कोणता हक्क मिळतो, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

'विकत' या शब्दापासूनच सुरुवात करू, कारण तो फार सहज फेकला जातोय. आपल्याकडच्या जुन्या धर्मशास्त्रकारांनी पुत्रांचे बारा प्रकार सांगितले. त्यांत 'दत्त' वेगळा आणि 'क्रीत' वेगळा. दत्त म्हणजे दिलेला, क्रीत म्हणजे मोल देऊन घेतलेला. इतक्या जुन्या काळी ज्यांना हा फरक कळत होता, त्यांच्या मुलखात आज आपण दोन्ही शब्द एकाच पारड्यात टाकतो आहोत. फरक कशात आहे? दत्तकविधानाच्या वाटेवर कुठेच पैसा खर्च होत नाही, असं तर कधीच नव्हतं. होम होत, भोजनं होत, संस्थानिकांच्या घरी तर दरबार भरत. १८७५ मध्ये कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांच्या घरातला मुलगा कोल्हापूरला दत्तक गेला आणि शाहू महाराज झाला. या दोन्ही दत्तकांवर झालेला खर्च कुणी मोजला नसेल, पण त्यांना क्रीत कुणी म्हटलं नाही. क्रीत तेव्हा होतं, जेव्हा देणाऱ्याला देण्याबद्दल मोल मिळतं. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानेही नेमकी हीच रेघ ओढली आहे: दत्तकाच्या बदल्यात कुणी मोबदला घ्यायचा नाही आणि कुणी द्यायचा नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यात मुलाची खरेदी-विक्री करणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपये दंड आहे. तो सगळ्या धर्मांच्या माणसांना लागू आहे.

आता या जोडप्याचे पैसे जाणार कुठे ते पाहू. दत्तकाचं काम आपल्याकडे 'कारा' या केंद्रीय प्राधिकरणाच्या देखरेखीखाली चालतं. शुल्क सरकार ठरवतं. २०१७ च्या नियमावलीत ते असं होतं: नोंदणी आणि गृहभेटीच्या अहवालाचे ६ हजार, मुलाला सांभाळणाऱ्या संस्थेच्या संगोपन निधीसाठी ४० हजार, आणि मूल घरी आल्यावर दोन वर्षांत होणाऱ्या पाठपुराव्याच्या चार भेटींना प्रत्येकी २ हजार. म्हणजे सगळे मिळून ५४ हजार, प्रत्येक पैशाची पावती. ही रक्कम मुलाच्या जन्मदात्रीला मिळत नाही, दलालाला मिळत नाही. ज्या पाळणाघरात त्या बाळाला दूध पाजलं, लस टोचली, तापात रात्र काढली, तिथला खर्च भागवायला ती जाते. मग आणखी पैसे कशाला? कारण मूल आपल्याच जिल्ह्यातलं मिळेल असं नाही. संगणकावर एक दिवस मुलाचा तपशील येतो, ४८ तासांत होकार कळवायचा असतो आणि ते मूल ओडिशात असेल तर ओडिशाला जावं लागतं. रेल्वेची तिकिटं, मुक्काम, दोघांच्या बुडालेल्या रोजगाराचे दिवस. या जोडप्याने शिवाय विशेष गरज असलेलं मूलही चालेल असं लिहून दिलंय. जन्मतः पाय वळलेलं बाळ असेल तर दर आठवड्याला प्लास्टर बदलायला डॉक्टरकडे न्यावं लागतं, आणि तो खर्च कुठल्याच नियमावलीत लिहिलेला नसतो.

'ऐपत नाही तर कशाला' म्हणणाऱ्यांना मला एक विचारायचंय. आपल्या वसईत माणसं आजवर कशासाठी एकत्र आलेली नाहीत? १९१८ मध्ये इथल्या ख्रिस्ती समाजाने पै-पै जमवून बॅसीन कॅथॉलिक बँक उभी केली, ती गरजूला सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून. घरात मयत झाली की शेजारी चहा-साखरेपासून शवपेटीपर्यंतचा भार उचलतात. लग्नाला आहेर देतात. शस्त्रक्रियेसाठी चिठ्ठी फिरते आणि दोन दिवसांत पैसे उभे राहतात. याच जोडप्याने कृत्रिम गर्भधारणेच्या एकेका खेपेला लाख-दीड लाखाच्या वर मोजले, तेव्हा नातेवाइकांनी उसने दिले. कुणी म्हटलं नाही की प्रयोगशाळेतून मूल विकत आणताय. रक्ताच्या मुलासाठी कर्ज काढणं ही आईची माया, आणि दुसऱ्याच्या पोटच्या मुलासाठी काढलं की तो व्यवहार? हा आक्षेप पैशाबद्दलचा नाहीच, रक्ताबद्दलचा आहे. तो उघड बोलायची लाज वाटते म्हणून त्याला पैशाचं नाव दिलं जातं.

रक्ताबद्दलचा हा संशय नवा नाही. गंगाधररावांनी मरणापूर्वी घेतलेला दत्तक डलहौसीने नामंजूर केला आणि झाशी खालसा झाली, त्याआधी १८४८ मध्ये साताराही असाच गेला. शाळेत तो धडा शिकवताना मुलांच्या मुठी वळत असत. दत्तक पुत्र हा खरा वारस नव्हे, हे इंग्रजांचं म्हणणं आपल्याला अन्याय वाटतं. तोच प्रश्न आपल्या चुलत्याच्या वाडीच्या वाटणीत उभा राहिला की आपल्यातले किती जण डलहौसीच्या बाजूला जाऊन उभे राहतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण समोरच्यांचं बोलणं नुसतं झटकून टाकता येणार नाही. पैसा आणि दत्तक यांची गाठ पडली की काय होऊ शकतं, याचे पुरावे जगभर पडलेत, आणि ते ख्रिस्ती माणसांच्याच दारात पडलेत हे ख्रिस्ती म्हणून मला मान्य करावं लागतं. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनच्या हॅरी आणि बर्था होल्ट या श्रद्धाळू शेतकरी जोडप्याने कोरियन युद्धात पोरकी झालेली आठ मुलं दत्तक घेतली. त्यासाठी अमेरिकी संसदेला खास कायदा करावा लागला. त्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. पण त्यातून वाट पडली आणि त्या वाटेने पुढच्या दशकांत दक्षिण कोरियातून दीड लाखाहून जास्त मुलं परदेशी गेली. मार्च २०२५ मध्ये त्याच देशाच्या सत्यशोधन आयोगाने कबूल केलं की कागदपत्रं खोटी केली गेली, आईबाप हयात असलेली मुलं पोरकी म्हणून दाखवली गेली, आणि सरकारने आपलं कर्तव्य केलं नाही. २०१० च्या भूकंपानंतर हैतीत दहा अमेरिकी ख्रिस्ती स्वयंसेवक ३३ मुलांना सीमेपलीकडे नेताना पकडले गेले. त्यांतल्या बहुतेक मुलांचे आईवडील जिवंत होते. इथिओपियाने २०१८ मध्ये परदेशी दत्तकावर बंदीच घातली. आपल्याकडेही पुण्यातली एक संस्था परदेशी पालकांकडून जास्तीचे पैसे घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयच्या चौकशीत सापडली होती.

अमेरिकेत खासगी किंवा परदेशी दत्तकाला साधारण ३० ते ५० हजार डॉलर लागतात. तिथली चर्चमधली जोडपी टी-शर्ट विकतात, घरातल्या जुन्या वस्तूंचा बाजार मांडतात. काही जण जोडचित्राचं कोडं आणतात, प्रत्येक देणगीदाराचं नाव एकेका तुकड्याच्या मागे लिहितात आणि सगळे तुकडे जुळले की ते चित्र मुलाच्या खोलीत टांगतात. ऐकायला गोड वाटतं. पण इतका मोठा पैसा एका गरीब देशाकडे वाहू लागला की तिथे मुलाला घर शोधण्याऐवजी घराला मूल शोधणारी यंत्रणा उभी राहते. पन्नास हजार डॉलर कुठेतरी वाट पाहत असतात, मग पोरकं मूल नसेल तर ते तयार केलं जातं. हा दोष पैसे जमवणाऱ्या जोडप्याच्या मनातला नाही, पण त्यांच्या पैशाशिवाय तो घडलाही नसता.

हे सगळं मान्य करूनही माझं मत बदलत नाही, उलट पक्कं होतं. तिथे जे सडलं ते कुठे सडलं? जिथे रक्कम ठरलेली नव्हती, जिथे मूल पुरवणाऱ्याचा फायदा मुलांच्या संख्येवर अवलंबून होता, आणि जिथे पालक मूल स्वतः निवडू शकत होते. आपल्याकडे १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती भगवतींनी जो निर्णय दिला, तो नेमका या सडण्याविरुद्ध होता. कारा त्यातूनच १९९० मध्ये जन्माला आली. आज मूल पालकांनी निवडायचं नाही, रांगेप्रमाणे यायचं. २०२४-२५ मध्ये देशभरात ४,५१५ दत्तकविधानं झाली, त्यांतली ४,१५५ देशातल्याच घरांत. हा आकडा जवळपास बारा वर्षांतला सर्वांत मोठा, तरी रांगेतल्या पालकांच्या मानाने फार लहान. धडधाकट तान्ह्या बाळासाठी तीन-तीन वर्षं थांबावं लागतं. आणि थांबण्यालाही हद्द आहे: दोन वर्षांच्या आतलं मूल हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या वर चालत नाही. पैसे साठवत बसलेल्या जोडप्याचं वयही सरत असतं.

याच फटीत दलाल शिरतो. 'कशाला रांगेत उभे राहता? अमक्या नर्सिंग होममध्ये एक मुलगी बाळंत व्हायची आहे, तीन लाखांत काम होईल, जन्मदाखल्यावर थेट तुमचंच नाव.' असं बोलणारी माणसं आहेत. मुलासाठी झुरणाऱ्या कुठल्याही जोडप्याला विचारा, ते खालच्या आवाजात सांगतील. खरी खरेदी ही. तिला पावती नाही, आई कोण ते नाही, तिने राजीखुशीने दिलं का ते नाही. या मार्गाने मूल आणणाऱ्याला गावात कुणी काही विचारत नाही, कारण कुणाला कळतच नाही. आणि जे जोडपं उजळ माथ्याने फादरसमोर जाऊन 'आम्ही दत्तक घेतोय, मदत करा' म्हणतं, त्यांच्या वाट्याला 'विकत' हा शब्द येतो. उघड्या वाटेवर दगड मारले की माणसं चोरवाटेने जातात. पैशाने दत्तक सडू नये अशी ज्यांची खरी इच्छा असेल, त्यांनी या जोडप्याच्या पाठीशी सगळ्यात आधी उभं राहायला हवं.

एका बाईंनी मात्र असा प्रश्न विचारला की मी दोन दिवस गप्प होते. त्या म्हणाल्या, 'हेच पैसे त्या बाळाच्या आईला दिले असते तर तिने बाळ सोडलंच नसतं ना?' या वादातला सर्वांत खरा प्रश्न हा आहे. गरिबीमुळे एकाही आईला मूल सोडावं लागू नये. कायद्यात त्यासाठी खिडक्या ठेवल्यात. स्वतःहून सोपवलेल्या मुलाच्या आईबापांना फेरविचाराला ६० दिवस मिळतात. टाकलेल्या तान्ह्या मुलाचे पालक शोधायला दोन महिने, दोन वर्षांपुढच्या मुलासाठी चार महिने. आपल्या राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये मिळतात. ते पुरेसे आहेत असं ज्याला वाटतं त्याने त्यात एक मूल महिनाभर सांभाळून दाखवावं. तरीही प्रत्येक मूल पैशाअभावी सोडलेलं नसतं. कुणी अत्याचारातून आलेलं असतं, कुणाची आई स्वतःच सोळा वर्षांची असते, कुणाला जन्मतः व्यंग असतं म्हणून पायरीवर ठेवलेलं असतं. १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे येणाऱ्या विधवांना फक्त पैशाने सोडवता आलं असतं का? त्यांना समाज जगू देत नव्हता. फुल्यांनी आईला आसरा दिला, आणि त्यांतल्याच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. जात वेगळी, रक्त वेगळं. १८८७ च्या मृत्युपत्रात जोतिरावांनी त्यालाच वारस केलं. तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई त्याच्या दवाखान्यात रुग्ण आणता आणता गेल्या. आईला मदत आणि मुलाला घर ही दोन कामं त्यांनी एकाच छपराखाली केली. म्हणून त्या बाईंना माझं उत्तर असं आहे की तुमचा प्रश्न बरोबर आहे, पण तो या जोडप्याविरुद्ध वापरू नका. आपल्या मदतनिधीतून दत्तकासाठी जेवढी रक्कम जाईल, तेवढीच दरवर्षी मूल सोडण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या एखाद्या आईसाठी बाजूला काढायचा ठराव मांडा. मी अनुमोदन देईन.

आता 'आत्मा वाचतोय' म्हणणाऱ्यांकडे वळते. ही माणसं माझीच आहेत, म्हणून जास्त स्पष्ट बोलते. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि सभा घेत, व्याख्यानं देत पैसे जमवत फिरल्या. बोस्टनला १८८७ मध्ये त्यांच्या नावाची संस्था निघाली, गावोगावच्या सामान्य बायकांनी वर्गणी दिली, त्यावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उभं राहिलं. पुढे दुष्काळात त्यांनी शेकडो अनाथ मुली केडगावला आणल्या, जगवल्या, शिकवल्या. लोकांकडे पैसे मागण्याची लाज न बाळगता मुलांसाठी झटणारी दुसरी एवढी मोठी मराठी बाई मला माहीत नाही. पण शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती होत आहेत या आरोपावरून उठलेलं वादळ, 'केसरी'तली टीका, १८९३ मध्ये सल्लागार मंडळातल्या रानडे-भांडारकरांनी काढून घेतलेला हात, या गोष्टीही त्याच इतिहासात आहेत. मुलाला दिलेल्या भाकरीच्या मागे देणाऱ्याचा दुसरा हेतू दिसला की त्या भाकरीवरचाच विश्वास उडतो. कारण मूल भुकेलं असतं, ते नाही म्हणू शकत नाही.

दत्तक घेतलेलं मूल आईबापांच्या धर्मात वाढेल, जसं प्रत्येक मूल वाढतं. टाकलेल्या बाळाच्या कपाळावर धर्म लिहिलेला नसतो आणि काराची रांग धर्म पाहून पुढे सरकत नाही. म्हणून 'धर्मांतरासाठी मुलं घेतात' हा बाहेरून होणारा आरोप मला मान्य नाही. पण आपल्यातल्याच कुणी 'एक आत्मा मिळवला' अशी भाषा केली की त्या आरोपाला आपणच कोलीत देतो. मूल काही मोहिमेत मिळवायचं नसतं. बायबलमधल्या पौलाच्या पत्रांत 'दत्तकपण' हा शब्द येतो तो वारसाहक्काच्या अर्थाने येतो: जो परका होता तो घरचा झाला, त्याला बापाला हाक मारायचा अधिकार मिळाला. तिथे घेणाऱ्याच्या पुण्याचा हिशेब कुठेही नाही.

आणि हा हक्क ख्रिस्ती माणसाला या देशात मिळाला किती उशिरा, हे आपणच विसरलो आहोत. १९५६ चा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यापुरता. आम्हाला, मुसलमानांना, पारशांना उरला १८९० चा पालकत्वाचा कायदा. त्यात मूल घरी आणता येई, पण कागदावर ते तुमचं नव्हे. तुम्ही त्याचे नुसते पालक, आणि तुमच्या मिळकतीवर त्याचा वारसाहक्क नाही. १९७२ मध्ये सर्वांसाठी एक विधेयक राज्यसभेत आलं, १९७८ मध्ये मागे घेतलं गेलं. १९८० मध्ये पुन्हा आलं, तेही बारगळलं. मुंबई उच्च न्यायालयाने २००० च्या सुमारास एका ख्रिस्ती जोडप्याच्या अर्जावर सांगितलं की घर मिळणं हा मुलाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. बालन्याय कायदा २००० मध्ये आला, २००६ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये शबनम हाश्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कुठल्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं यावर शिक्कामोर्तब केलं.

मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. ऐंशीच्या दशकात माझ्या वर्गात एक मुलगी होती. प्रवेशअर्जावर वडिलांच्या नावाच्या जागी रेघ आणि खाली 'पालक' या शब्दापुढे ज्यांना ती पप्पा म्हणायची त्यांचं नाव. दर वर्षी नवा हजेरीपट लिहिताना मी त्या रेघेपाशी थांबत असे. ते गृहस्थ मृत्युपत्र न करता अचानक गेले. वाडी, विहीर, घर भावांच्या नावावर झालं. तिला कुणी हाकललं नाही, पण त्या घरात तिचा म्हणून एक खिळाही राहिला नाही. आज जे जोडपं पैसे जमवतंय, त्यांच्या मुलाच्या जन्मदाखल्यावर आईबाप म्हणून या दोघांची नावं लागणार आहेत आणि वाडीचा सातबारा उद्या त्याच्या नावावर होणार आहे. या अधिकारासाठी आपल्या दोन पिढ्या थांबल्या. पन्नास-साठ हजारांसाठी त्यांना दारातून परत पाठवायचं?

आता राहिला तिसरा प्रश्न, देणाऱ्याच्या हक्काचा. आठ-नऊ वर्षांपूर्वी आमच्याच एका ओळखीच्या जोडप्याने अशीच मदत घेऊन मुलगी आणली. कुणाकडून किती घेतले ते तिच्या आईने शंभर पानी वहीत ओळीने लिहून ठेवलं होतं, फेडायची म्हणून. बहुतेकांनी परत घेतले नाहीत. मागच्या आगेऱ्याला, म्हणजे आमच्या सुगीच्या सणाला, भाताच्या लोंब्या घेऊन मुलं रांगेत उभी होती, तेव्हा ती मुलगी धावताना एका वयस्क काकांना धडकली. ते रागावले नाहीत, हसले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, 'बाय, जपून. तुला आणायला मी पाच हजार दिलेत.' त्यांनी ते मायेने म्हटलं. मुलीच्या हातातल्या लोंब्या तशाच राहिल्या. घरी गेल्यावर तिने आईला विचारलं, 'आपण काकांचे पैसे कधी देणार?'

पैशामुळे मूल वस्तू होतं, हा आक्षेप मला फक्त इथे पटतो. कायद्याच्या वाटेत कुणीही तिची किंमत लावली नव्हती, आणि एका प्रेमळ माणसाने मायेच्या एका वाक्यात ती लावून टाकली. अमेरिकेतल्या त्या जोडचित्राबद्दलही मला हेच वाटतं. रोज झोपताना ज्या भिंतीकडे पाहायचं, तिथे आपल्याला आणायला कुणी कुणी पैसे दिले त्यांची नावं. ज्या मुलाला काही मागायचीसुद्धा संधी नव्हती त्याच्या डोक्यावर जन्मभराचं ऋण. म्हणून मदत द्यायची तर ती आईबापांना द्यायची, मूल ठरण्याच्या आधी द्यायची, आणि देऊन विसरायची. मुलाचा फोटो, तो कुठल्या गावचा, कसा सापडला, हे कुठल्याही गटावर फिरता कामा नये. बालन्याय कायद्याने अशा मुलांची ओळख उघड करायला बंदी घातलीच आहे, पण कायदा नसता तरी हे आपल्याला कळायला हवं. ती हकिकत त्या मुलाची आहे. मोठं झाल्यावर कुणाला सांगायची, हे ते ठरवेल.

येत्या रविवारी निधीची सभा आहे. मी पैसे द्यावेत असं म्हणणार आहे. काराला आणि संस्थेला दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती समितीने पाहावी असंही म्हणणार आहे, आणि देणगीदारांची यादी कुठेही लावू नये, वाचू नये, ठेवू नये असंही. पण त्याआधी शनिवारी मला त्या मुलीच्या घरी जायचंय. तिच्या आईच्या वहीत तिसऱ्या पानावर माझं नाव आहे, दोन हजार रुपये. खर्चाच्या पावत्या असू देत, पण ते पान माझ्यासमोर फाडून टाक, असं तिला सांगायचंय.